एकवीस घरं आणि साबण

आमच्या कॉलनीत आमचं घर सोडून चौतीस घरं आहेत आणि त्यांपैकी एकवीस घरांची ठाम समजूत होती की मी साबण विकतो. उरलेल्या तेरा घरांची तशी समजूत नव्हती, कारण तिथपर्यंत मी अजून पोचलो नव्हतो.

खरं सांगायचं तर मी आयुष्यात कधी काही विकलेलं नाही. एकदा जुनी सायकल विकायला काढली होती. पण घेणाऱ्याला तिचे सगळे दोष क्रमाने सांगून झाल्यावर तो पायीच परत गेला. मी नांदेडला मोजणी खात्यात नोकरीला आहे. जमिनीचा तंटा असला की आम्ही जातो, मोजतो, खुणा रोवतो आणि तंटा मिटतो. (म्हणजे कागदावर मिटतो. बांधावर तो पुढे तीन पिढ्या चालतो.) त्यामुळे कोणताही वाद मोजल्यावर मिटतो असं माझं मत झालेलं होतं. या मतानेच माझा घात केला.

त्या आठवड्यात घरात एक नाजूक काम चाललं होतं. आमची प्रज्ञा लातूरला शाळेत गणित शिकवते. त्याच शाळेत विज्ञान शिकवणारा सुमेध तिला पसंत होता आणि त्याला ती. दोघांचं ठरल्यावर दोन्ही घरांना आपलं मत विचारलं जाण्याचा मान मिळाला, तो आम्ही घेतला. रविवारी सुमेध, त्याची आई आणि दोन पाहुणे उदगीरहून येऊन मुलगी रीतसर पाहून गेले. सुमेधला वडील नाहीत. त्याला वाढवलं ते त्याच्या चुलत्यांनी, शेषेरावतात्यांनी. हे तात्या निवृत्त तलाठी. ते पाहायला आले नाहीत. "तात्यांचा शब्द शेवटचा. पुढच्या रविवारपर्यंत कळवतो," एवढं सांगून मंडळी गेली.

गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच सौभाग्यवतींनी मला समोर बसवलं. सुनंदा बिलोलीची आहे. तिचं म्हणणं असं की तात्या आले नाहीत याचा अर्थ ते गुपचूप येऊन शेजारीपाजारी चौकशी करणार. आमच्याकडे ही रीतच आहे. मुलगी दिवाणखान्यात पाहतात आणि तिचा बाप गल्लीत.

"आठ दिवस कुणाशी भांडू नका, कुणाला नियम सांगू नका, कुणाचं कंपाउंड सरकलंय ते दाखवू नका. गप ऱ्हा. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय."

मी शब्द दिला आणि तो अक्षरशः पाळला. त्या आठ दिवसांत मी कुणाशीही भांडलो नाही. फक्त साबणाबद्दल विचारलं.

सुरुवात सोमवारी संध्याकाळी झाली. शेजारचे खान सर निवृत्त उर्दू शिक्षक आहेत. त्यांच्या फाटकाशी आमचं रोज अर्धा तास बोलणं होतं. त्या दिवशी मी दुकानातून साबण घेऊन येत होतो. सरांनी पिशवीकडे पाहिलं आणि सहज म्हणाले की हा जो तुमच्या पिशवीत आहे ना, तो आमचा. मी पिशवी घट्ट धरली. मग कळलं की ते शब्दाबद्दल बोलत होते. 'साबून' हा अरबी शब्द, तो फारसीतून उर्दूत आला आणि निजामाच्या राज्यात तुम्ही तो उचललात, असं त्यांनी मला समजावलं.

मी म्हटलं, असेल. पण आपल्या साबणातला 'ण' अरबीत आहे का? नाही. मग हा 'ण' म्हणजे मराठीने रोवलेली हद्दीची खूण आहे. जिथे खूण आमची, तिथे जमीन आमची.

"मियां," सर शांतपणे म्हणाले, "लफ़्ज़ हमारा है. झाग तुम्हारा."

शब्द त्यांचा आणि आम्हाला नुसता फेस, ही गोष्ट मला लागली. मला रात्री जेवण गेलं, पण नेहमीपेक्षा एक पोळी कमी. मी विचार केला, भाषा कुणाची? बोलणाऱ्यांची. मग बोलणारे मोजावेत! आमची कॉलनी त्यासाठी अगदी योग्य. मराठी आहेत, उर्दू आहेत, गुरुद्वाऱ्याकडची पंजाबी मंडळी आहेत, देगलूरकडून आलेले तेलुगू बोलणारे आहेत. अशी नमुन्याची कॉलनी संशोधकांना शोधून सापडणार नाही, आणि मला ती चपला घालताच सापडत होती.

मी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. घर क्रमांक. घरची भाषा. साबणाला काय म्हणता. इथे थांबलो असतो तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. पण मला एक शंका आली. ज्या घरात महिन्याला दोनच वड्या लागतात, त्या घरात तो शब्द उच्चारला तरी किती वेळा जात असेल? आणि ज्या घरात दहा लागतात, तिथे दिवसभर 'साबण कुठंय, साबण संपला, साबण कुणी भिजत ठेवला' हेच चालू असणार. दोन्ही घरांना सारखं मत देणं अन्यायाचं झालं असतं. म्हणून मी आणखी तीन रकाने वाढवले. घरात माणसं किती. महिन्याला वड्या किती. सध्या कोणता साबण वापरता.

मंगळवारी ऑफिसातून आल्यावर चहा घेतला, वही काखेत मारली आणि निघालो.

पहिल्याच घरी दार चार बोटं उघडलं. मी विचारलं, तुमच्याकडे साबणाला काय म्हणतात? आतून उत्तर आलं, "आमच्याकडं हाय साबण." मी लिहून घेतलं, 'साबण, मराठी, एक'. महिन्याला किती लागतो विचारलं, तेव्हा दार दोन बोटांवर आलं. दुसऱ्या घरी सरबत मिळालं, पण सध्या नको असंही सांगण्यात आलं. मला वाटलं, सरबत नको म्हणत असतील, म्हणून मी लगेच पेला खाली ठेवला. पाचव्या घरातल्या काकांनी मला बाजूला घेऊन अगदी मायेने विचारलं की निवृत्तीला तर अजून सहा वर्षं आहेत, मग असं काय कोसळलं? मी सांगितलं, काही कोसळलं नाही, फक्त खरं काय ते बाहेर यायला हवं. काकांनी डोळे पुसले.

बुधवारी माझ्या सिद्धांतालाच सुरुंग लागला. कौर वहिनींच्या घरी पंजाबी बोलतात. मी वहीत आधीच 'साबुन' लिहून ठेवलं होतं. वेळ वाचावा म्हणून. वहिनी म्हणाल्या, "साबण." मी म्हटलं, वहिनी, माझ्यासाठी मराठीत सांगू नका, घरात जे म्हणता ते सांगा. तर म्हणे घरातही साबण, अमृतसरच्या आत्याकडेही साबण आणि पणजोबांच्या काळीही साबणच. तोच 'ण'! माझ्यापेक्षा ठसठशीत! माझी हद्दीची खूण थेट पंजाबात निघाली. मी मात्र प्रामाणिक माणूस आहे. आधीचं खोडून स्वतःच्या विरुद्ध जाणारी नोंद केली आणि खाली सही केली. त्या म्हणाल्या, भाईसाब, तुम्ही सही का करताय, कसली स्कीम आहे का? मी म्हटलं, नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.

गुरुवारी सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर सूचना आली. 'कॉलनीत साबणाची साखळी करणारे फिरत आहेत. आधी साबण देतात, मग सभासद करतात. दार उघडण्यापूर्वी खिडकीतून पाहावे.' मी ती दोनदा वाचली. असल्या प्रकारांची मला मनापासून चीड आहे. मी ताबडतोब उत्तर दिलं, 'योग्य सूचना. सर्वांनी कटाक्षाने पाळावी.' त्याखाली सहा जणांनी हात जोडल्याची खूण टाकली. सातव्याने हसण्याची टाकली. त्याचं बोट घसरलं असावं असं मला वाटलं.

त्या संध्याकाळी तीन घरांत दिवे होते, टीव्ही चालू होता, भाजीला फोडणीही पडत होती, पण माणूस नव्हतं. मी वहीत लिहिलं, 'घर बंद. फोडणी चालू.'

शुक्रवारी ती तीन घरंही गाठली आणि एकविसावं घर आटोपून मी कॉलनीच्या फाटकाजवळच्या टपरीवर आलो. बाकावर एक पाहुणे चहा पीत बसले होते. साठीच्या पुढचे, पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी आणि केस असे काळेभोर की त्या वयात तसे फक्त निश्चयानेच राहतात. मी शेजारी बसलो. त्यांनी विचारलं, हितली माणसं कशी हायत? मी सांगितलं, माणसं चांगली आहेत, पण माहिती देत नाहीत. मग विचारलं, आपण कुठले? म्हणाले, लांबचे. घरी कोणती भाषा? म्हणाले मराठी, पण घरात कानडीही चालते. कानडी! माझ्या वहीत कानडीची एकही नोंद अजून नव्हती. मी वही उघडली.

पाहुणे बिचकले, पण शिस्तीचे वाटले. मी विचारत गेलो आणि ते उत्तरं देत गेले. घरात माणसं सहा. महिन्याला वड्या आठ-नऊ. मी म्हटलं, आठ की नऊ? ते जरा थांबून म्हणाले, नऊ. मग हा इसम खूश व्हावा म्हणून मी त्यांना आदल्या दिवशी वाचलेली सगळ्यात चांगली गोष्ट सांगितली. हा शब्द युरोपात उत्तरेकडच्या टोळ्यांपासून निघाला. तिथून रोमन लोकांनी घेतला, त्यांच्याकडून ग्रीकांनी, तिथून अरबांनी. इंग्रजांचा 'सोप' हा त्याच घराण्यातला. पण गंमत अशी की सुरुवातीला त्या टोळ्यांमध्ये ही वस्तू अंग धुण्याची नव्हतीच. केस रंगवायची होती. "आणि तीसुद्धा बायकांपेक्षा पुरुषच जास्त वापरायचे," मी त्यांच्या डोक्याकडे पाहत म्हणालो.

त्यांनी चहा खाली ठेवला.

मी म्हटलं, आपलं नाव राहिलं. ते म्हणाले, आधी तुमचं सांगा. मी उठून हात जोडले. "जय भीम. मी सोनकांबळे. घर क्रमांक सतरा. कधीही या."

त्यांनी "जय भीम" म्हटलं, पिशवी उचलली आणि रिक्षा न ठरवता रिक्षात बसले. नोंद 'नाव दिले नाही' अशी अर्धवट राहिली, याची मला रात्रभर रुखरुख लागली.

शनिवारी सकाळी प्रज्ञाचा लातूरहून फोन आला. एरवी ती आधी आईशी बोलते.

"बाबा, तुम्ही साबण विकता?"

मी हसलो. ती हसली नाही. मग तिने सगळं सांगितलं. तात्या शुक्रवारी दिवसभर आमच्या कॉलनीत घरोघर फिरले होते. मुलगी उत्तम, आई उत्तम, घर उत्तम, असा निकाल दुपारपर्यंत लागला होता. पण बाप साबणाच्या साखळीत पुरता अडकलेला. लोक दारं लावून घेतात. संध्याकाळी तर त्याने खुद्द तात्यांनाच गाठून घरातल्या वड्या मोजून घेतल्या आणि वर केसांवरून बोलला. उद्या सोयरीक झाली की हा माणूस आधी व्याह्यांना सभासद करील, मग वऱ्हाडाला. तात्यांनी सुमेधला सांगितलं होतं की घाई नको, दुसरीकडंही बघू.

प्रज्ञाचा आवाज शेवटी बारीक झाला. लहानपणी गणितात एक गुण गेला की होई तसा. मी म्हटलं, बेटा, मी समजावून सांगतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही काही समजावून सांगू नका ना."

सुनंदाने कपाटातून चांगली साडी काढली. यावरून मला कळलं की उद्या उदगीरला जायचं आहे आणि बोलायचं तिने आहे.

रविवारी पहाटेच्या एसटीने निघालो. मुखेड येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. मुखेडला म्हणाली, "मी बोलंन. तुम्ही फकस्त बसा. चहा आला तर प्या, न्हाई आला तर मागू नका." मी मान हलवली. वही सदऱ्याच्या आत, पोटाशी होती. पुरावा असताना तो घरी ठेवून जाणं मला पटेना.

उदगीरला सुमेधच्या घरी तात्या, सुमेध आणि सुमेधची आई एवढीच माणसं होती. सुमेध माझ्याकडे पाहत होता, तो बिचारा परीक्षेत शेजारच्याचा पेपर कोरा दिसल्यासारखा. सुनंदाने सुरुवात चांगली केली. म्हणाली की हे विकत काही नाहीत, ह्यांना माहिती गोळा करायचा नाद आहे, बाकी माणूस देवमाणूस. तात्यांनी तिला पूर्ण बोलू दिलं आणि मग पिशवीतून स्वतःची वही काढली.

तलाठी तो तलाठीच. घरवार जबाब! त्यांनी नंबर आणि नावासकट एकेक वाचायला सुरुवात केली. 'माणूस सरळ, पण साबण.' 'व्यसन नाही. साबण सोडून.' 'दोन वेळा सरबत दिले, तरी वड्या विचारत होता.' 'चांगला होता.' हे शेवटचं मला फार लागलं. एकूण चौदा घरं, असं म्हणून त्यांनी वही मिटली.

मला राहवलं नाही. मी सदऱ्यात हात घातला. सुनंदाने डोळे मिटले.

तात्यांनी माझी वही घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. घर क्रमांक, माणसं, महिन्याच्या वड्या, सध्याचा साबण. ती वही निर्दोष माणसाची दिसत नाही हे मला त्या क्षणी, सहा रकाने उलटे पाहताना, पहिल्यांदा कळलं. मी घाईघाईने समजावू लागलो की ज्या घरात वड्या जास्त त्या घराचं मत जास्त, हा वजनाचा प्रश्न आहे. तात्यांनी विचारलं, वड्यांचं वजन?

बराच वेळ ते पानं उलटत राहिले. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चालू होत नव्हती. मी किका मोजत होतो. अकरा झाल्या होत्या. तेव्हा तात्या सुमेधच्या आईकडे वळून म्हणाले:

"वहिनी, हा मानूस साबण विकत न्हाई. साबण विकणारा एकवीस घरं फिरला असता तर एक तरी वडी खपवला असता."

सुमेधची आई जी हसायला लागली, ती थांबेचना. त्या बीदरकडच्या, बोलताना कानडी सूर येतो. त्यांनी मला विचारलं, मग शेवटी निघालं काय? मी सांगितलं. साबण नऊ, साबुन सहा, सोप चार आणि सब्बू दोन. वजन लावलं तरी क्रम तोच. पण सगळे शब्द एकाच आजोबांची नातवंडं निघाल्यामुळे ज्याने त्याने आपला म्हणावा आणि अंघोळ करावी. खान सरांनाही हे सांगून टाकणार आहे. त्या म्हणाल्या, आमच्या माहेरी तर 'सबकार' म्हणतात. माझा हात पेनाकडे गेला. सुनंदाने तो वाटेतच धरला.

तात्यांनी खाकरून आवाज मोकळा केला. म्हणाले, चौकशीला गेलो की दहा घरं दहा दोष सांगतात, हा माझा आजवरचा अनुभव. इथं चौदा घरांनी एकच सांगितला, आणि तोही खोटा निघाला. असला सोयरा सापडायचा न्हाई. आमच्याकडून हो समजा.

सुनंदाच्या हातातली माझी बोटं सैल झाली. सुमेधने मोबाइल काढला, प्रज्ञाला सांगायला. सगळं मनासारखं झालं होतं. तिथे मी फक्त 'आभारी आहे' म्हणायचं होतं.

"तेरा," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तेरा घरं आहेत, तात्या. सहा नंबरला 'खान' लिहिलंय आणि अकराव्याला 'मास्तर'. दोन्ही एकच. घर एक, जबाब दोन."

सुमेधने मोबाइल कानापासून खाली घेतला. तात्यांनी वही उघडली, सहा पाहिला, अकरा पाहिला. त्यांचे कान लाल झाले. मोजणीवाल्याने तलाठ्याचा उतारा तलाठ्याच्याच घरात चुकीचा ठरवला होता. सुनंदा कपाळाला हात लावून बसली. फोनमधून प्रज्ञाचं बारीक 'हॅलो, हॅलो' ऐकू येत होतं.

तात्यांनी खिशातून पेन काढलं, अकरावी नोंद खोडली, बाजूला सही केली आणि आपल्या वहिनींकडे पाहिलं.

"हो आपलं कायम हाय," सुमेधची आई म्हणाल्या. "पर एक अट. लग्नात ह्यांच्या हातात वही-पेन दिसलं न्हाई पायजे. तात्यांच्याबी न्हाई. दोघं शेजारी बसायचं आन् नुसतं बघायचं."

अट दोन्ही बाजूंनी मान्य झाली. मागच्या महिन्यात नांदेडच्या विहारात लग्न लागलं. प्रज्ञा सारखी हसत होती, सुमेधही. मी आणि तात्या पहिल्या रांगेत रिकाम्या हातांनी बसलो होतो आणि दर पाच मिनिटांनी एकमेकांच्या खिशाकडे संशयाने पाहत होतो. बाकी सगळं नीट पार पडलं. लग्नाला माणसं किती होती, हे मात्र कुणी मला विचारू नये. मोजणी खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस, पोटच्या पोरीचं लग्न आणि सांगता काय येतं? पुष्कळ होती.